सर इब्राहिम रहिमतुल्ला आणि संरक्षक जकातीचा वाद

मुंबईच्या भेंडी बाजारातून जाणाऱ्या रस्त्याला इब्राहिम रहिमतुल्ला मार्ग असे नाव आहे. डहाणू-तलासरीकडची आपली कितीतरी माणसे खरेदीच्या निमित्ताने, नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याच्या कामासाठी त्या रस्त्याने जातात. परंतु हे रहिमतुल्ला कोण, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. शाळेच्या पाठ्यपुस्तकात दादाभाई, रानडे, बद्रुद्दीन तय्यबजी यांची नावे येतात; इब्राहिम रहिमतुल्लांचे नाव सहसा येत नाही. वास्तविक परदेशी मालावर कर बसवून देशी धंद्यांना आधार द्यावा की नाही, या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९२१ साली जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष हेच गृहस्थ होते. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या घरात जकात म्हटले की मालदारांनी गरिबांसाठी काढावयाचा हिस्सा डोळ्यांपुढे येतो. मराठीत मात्र मालावर नाक्यावर वा बंदरावर घेतल्या जाणाऱ्या करालाही जकातच म्हणतात. तलासरीच्या पुढे राज्याच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका आपल्या परिचयाचा आहे. तसाच नाका देशाच्या बंदरावर आहे अशी कल्पना करा. तेथे परदेशी मालावर जो कर बसतो, त्याचा हेतू केवळ सरकारची तिजोरी भरणे हा असेल तर ती महसुली जकात होय. परदेशी माल महाग व्हावा आणि त्यामुळे देशी मालाला गिऱ्हाईक मिळावे, हा हेतू असेल तर ती संरक्षक जकात. या लेखात जकात शब्द येईल तो या अर्थाने.

जन्म आणि सार्वजनिक कार्य

इब्राहिम रहिमतुल्लांचा जन्म १८६२ साली मुंबईतील एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये झाले आणि नंतर ते घरच्या व्यापारात शिरले. मोठ्या विद्यापीठाच्या पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या. आकडे वाचण्याची सवय, सभेत मुद्देसूद बोलण्याची हातोटी आणि चिकाटी या गुणांवर ते पुढे आले. १८९२ साली ते मुंबई महानगरपालिकेत निवडून गेले. थोड्याच वर्षांत, १८९६ मध्ये, शहरात प्लेग आला. माणसे घरेदारे टाकून पळत होती, गिरण्या ओस पडत होत्या. अशा कठीण काळात महापालिकेत काम करून १८९९ साली ते तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांचा प्रवेश झाला.

आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने त्यांचे एक काम विशेष लक्षात ठेवावे. मुंबई शहरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, असा आग्रह इब्राहिम रहिमतुल्ला आणि चिमणलाल सेटलवाड या दोघांनी धरला. त्यांच्या आग्रहामुळे सरकारला १९०६ साली एक समिती नेमावी लागली. लोकांची अजून तयारी नाही, असा अभिप्राय देऊन समितीने प्रश्न बाजूला सारला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या संपूर्ण राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले, हे विशेष. पुढे गोखल्यांचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात फेटाळले गेले आणि मुंबई इलाख्यात तसा कायदा व्हायला १९१८ साल उजाडले. जो माणूस देशी कारखान्यांसाठी झगडला, तो त्याआधी शाळांसाठी झगडला होता, हा क्रम विसरता कामा नये.

मँचेस्टरचे कापड आणि आपल्या गिरण्या

त्या काळी जकातीचा वाद मुख्यतः कापडावरून पेटला होता. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई. त्यावरची थोडीशी महसुली जकातही तेथील गिरणीवाल्यांना खुपत असे. त्यांच्या मागे लाखो कामगार होते आणि पार्लमेंटमध्ये त्यांचे वजन होते. म्हणून १८७९ साली व्हाइसरॉय लिटन यांनी स्वतःच्या मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. त्याविरुद्ध मुंबईत जी सभा झाली, तीत बोलणाऱ्यांमध्ये तरुण बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी होते आणि त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ याच प्रश्नापासून झाला. त्यापूर्वी १८७७ साली त्यांचे मित्र काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी खुला व्यापार व संरक्षण या विषयावर हिंदी दृष्टीने निबंध लिहिला होता. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातून हाच विचार मांडला. इंग्लंडला जे अर्थशास्त्र लागू पडते ते मागासलेल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

१८८२ साली जवळजवळ सगळीच आयात जकात उठवण्यात आली. नंतर सरकारला पैशाची चणचण भासू लागली तेव्हा १८९४ मध्ये ती पुन्हा बसवावी लागली. पण लँकेशायरचे समाधान व्हावे म्हणून देशी गिरण्यांच्या मालावरही अबकारी बसवण्यात आली. १८९६ साली परदेशी कापडावर शेकडा ३.५ जकात आणि देशी गिरणीच्या कापडावरही शेकडा ३.५ अबकारी, असा हिशेब ठरला. यातला अन्याय समजून घ्यावा. मँचेस्टरचे कापड बहुतेक तलम असे, मुंबईच्या गिरण्यांचे बहुतेक जाडेभरडे. ते कापड शेतकरी, मजूर, कोळी आणि आदिवासी वापरत. ज्या मालाची विलायती मालाशी फारशी स्पर्धाही नव्हती, त्या गरिबाच्या धोतर-लुगड्यावर विलायतेच्या समाधानासाठी कर बसला. या अबकारीची चीड देशभर होती.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणत की जकात बसली की कापड महागणार, फायदा मूठभर गिरणीमालकांचा होणार आणि भुर्दंड कोट्यवधी रयतेला पडणार. हा मुद्दा लँकेशायरच्या स्वार्थासाठी पुढे केला जात असला, तरी तो अगदीच पोकळ नव्हता. इब्राहिम रहिमतुल्लांना पुढे याच मुद्द्याशी झुंजावे लागले.

१९१६ चा ठराव आणि आयोगाचे अध्यक्षपद

१९१३ साली ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस आग्रा येथे भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. केंद्रीय कायदेमंडळात त्यांचा मुख्य विषय मात्र देशाचे आर्थिक हित हाच राहिला. पहिल्या महायुद्धात परदेशातून माल येईनासा झाला, तेव्हा साध्या साध्या वस्तूंसाठी आपला देश किती परावलंबी आहे हे सर्वांना कळले. मार्च १९१६ मध्ये त्यांनी ठराव मांडला की देशातील उद्योगधंद्यांच्या वाढीसाठी काय करावे याचा विचार करण्यास समिती नेमावी. त्यातूनच सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. परंतु सरकारने एक मेख मारून ठेवली. जकातीचा प्रश्न या आयोगाच्या कक्षेतून वगळण्यात आला. रोग्याला तपासा पण नाडीला हात लावू नका, असाच हा प्रकार होता. पंडित मदनमोहन मालवीय यांनी या आयोगाच्या १९१८ च्या अहवालाला आपले भिन्न मत जोडले.

युद्धाच्या खर्चासाठी १९१७ साली परदेशी कापडावरची जकात शेकडा ७.५ करण्यात आली आणि अबकारी ३.५ वरच ठेवली गेली. म्हणजे देशी गिरण्यांना प्रथमच शेकडा ४ चा आडोसा मिळाला. १९१९ च्या सुधारणांबरोबर एक संकेतही मान्य झाला. जकातीच्या बाबतीत हिंदुस्थान सरकार व येथील कायदेमंडळ यांचे एकमत असेल, तर लंडनच्या भारतमंत्र्यांनी शक्यतो हात घालू नये, असा तो संकेत. १९२१ साली कापडावरची जकात ११ टक्के झाली तेव्हा लँकेशायरचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे तक्रार घेऊन गेले. माँटेग्यू यांनी या संकेताकडे बोट दाखवून मध्ये पडण्यास नकार दिला.

आता देशाचे जकातीचे धोरण कायमचे ठरवणे भाग होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये भारतीय राजकोषीय आयोग नेमण्यात आला व अध्यक्षपद सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्याकडे आले. ते त्यावेळी मुंबई सरकारच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. इंग्लंडचे विख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे नाव उपाध्यक्ष म्हणून जाहीर झाले होते, पण ते आले नाहीत. सभासदांत घनश्यामदास बिर्ला, नरोत्तम मोरारजी, जमनादास द्वारकादास, शेषगिरी अय्यर, माणेकजी दादाभाई, प्राध्यापक कोयाजी ही मंडळी आणि चार इंग्रज सभासद होते.

अध्यक्षाचे भिन्न मत

१९२२ साली आयोगाचा अहवाल आला. देशाने संरक्षणाचे धोरण स्वीकारावे, येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. हा मोठाच विजय होता. चाळीस-पन्नास वर्षे जे मागितले ते सरकारी आयोगाने तत्त्वतः मान्य केले. पण संरक्षण सरसकट न देता पारखून द्यावे, असे बहुमताने ठरवले. पुस्तकांत याला विभेदात्मक संरक्षण म्हणतात. धंद्याने तीन कसोट्यांना उतरले पाहिजे, अशी अट घालण्यात आली. पहिली, कच्चा माल, स्वस्त शक्ती, पुरेसे मजूर व देशात मोठी बाजारपेठ या नैसर्गिक सोयी त्याला असाव्यात. दुसरी, संरक्षणाशिवाय तो धंदा वाढणारच नाही किंवा देशहिताला हवा तितक्या वेगाने वाढणार नाही, अशी स्थिती असावी. तिसरी, काही काळाने संरक्षण काढून घेतले तरी जगाच्या स्पर्धेत तो स्वतःच्या पायांवर उभा राहू शकेल, अशी खात्री असावी.

या अटी ऐकायला रास्त वाटतात. तरीही अकरा जणांपैकी पाच जणांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि त्या पाचांत खुद्द अध्यक्ष होते. आपल्याच आयोगाच्या अहवालावर सही करून त्याच्याशीच अंशतः असहमत होणे ही साधी गोष्ट नाही. मोठ्या मानाच्या जागेवर बसलेला माणूस सहसा वाद टाळतो. सर इब्राहिम यांनी तो टाळला नाही. बिर्ला, नरोत्तम मोरारजी, जमनादास द्वारकादास व शेषगिरी अय्यर यांच्यासह त्यांनी सांगितले की संरक्षणाचे तत्त्व कोणत्याही जाचक अटींविना मान्य झाले पाहिजे. अटींचे कुंपण इतके उंच केले तर नवे धंदे आतच येऊ शकणार नाहीत.

त्यांच्या म्हणण्याचा आशय शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचा तर असा. ज्या मुलाने अजून शाळेत पाऊल टाकलेले नाही, त्याला आधी मॅट्रिकचे गुण दाखव, मगच पहिलीत घेतो, असे कोणी म्हणेल काय? धंदा सुरू होण्यापूर्वीच तो पुढे जगाशी टक्कर देईल याचा पुरावा कोठून आणावयाचा? दुसरीकडे बहुमताचे म्हणणेही फेकून देण्यासारखे नव्हते. वर्षानुवर्षे वरच्या वर्गात ढकललेला मुलगा शेवटी लिहिता-वाचता येत नाही असा निघतो, तशी गत धंद्याची होऊ शकते. आणि त्याचा खर्च गिऱ्हाईक भरत असते.

ही किंमत कोणी मोजली?

फेब्रुवारी १९२३ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने पारखून संरक्षण देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी टॅरिफ बोर्ड स्थापन झाले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक वामन गोविंद काळे त्याचे एक सभासद होते. पहिले प्रकरण पोलादाचे. १९२४ च्या कायद्याने जमशेटपूरच्या टाटांच्या कारखान्याला आधार मिळाला आणि युद्धानंतरच्या मंदीतून तो तगला. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाले. तोवर जावाची साखर देशात येत असे आणि देशात साखर कारखाने होते तीसएक. चार-पाच वर्षांत ती संख्या शंभराच्या वर गेली. आपल्या महाराष्ट्रात रावळगाव आणि माळीनगरचे कारखाने याच सुमारास उभे राहिले. बंदरावरच्या एका करामुळे दूरच्या माळरानावर उसाचे मळे पिकले.

पण नाण्याची दुसरी बाजू आपल्याच समाजातील विणकरांच्या घरात दिसते. भिवंडी आणि मालेगाव येथे मोमीन विणकरांच्या मोठ्या वस्त्या होत्या. हातमागावर ते जे बारीक सूत वापरत, त्यातले बरेचसे परदेशातून येई. १९२२ साली परदेशी सुतावर शेकडा ५ जकात बसली आणि १९२७ मध्ये ती पौंडाला किमान दीड आणा अशी करण्यात आली. सूतगिरण्यांना संरक्षण मिळाले आणि मागावर बसलेल्या विणकराचा कच्चा माल महागला. कारखान्याच्या पोलादाला जो आधार, तोच लोहाराच्या भात्यापाशी येऊन शेतकऱ्याच्या कोयत्याचा भाव वाढवतो. म्हणून संरक्षण म्हटले की कोणाचे आणि कोणाच्या पैशाने, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत.

कामगारांचीही कथा अशीच आहे. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरी शेकडा ११.५ ने कापण्याचे ठरवले आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. त्यांत कोकणातले होते, घाटावरचे होते, मदनपुऱ्यातले विणकरही होते. मालक म्हणत होते की अबकारी उठवा, म्हणजे कपात मागे घेतो. त्या डिसेंबरमध्ये सरकारने अबकारी तहकूब केली, कपात मागे घेतली गेली आणि संप मिटला. १९२६ साली ती अबकारी कायमची रद्द झाली. तीस वर्षे जी गोष्ट विनंतीअर्जांनी झाली नव्हती, ती घडण्यात कामगारांच्या उपासमारीचाही वाटा होता. संरक्षणाचा लाभ मालकाच्या तिजोरीत जेवढा जातो तेवढाच मजुराच्या ताटात पडतो काय, हा प्रश्न त्या संपाने उभा केला. १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली जो शाही आयोग नेमला गेला, त्यात सर इब्राहिम यांचाही समावेश होता.

अखेरची वर्षे

१९२३ ते १९२८ या काळात सर इब्राहिम मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. जानेवारी १९३१ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. विठ्ठलभाई पटेलांनी गाजवलेली ती खुर्ची. साखरेच्या संरक्षणाचा कायदा आणि ब्रिटिश साम्राज्यातील मालाला सवलतीची जकात देणाऱ्या ओटावा कराराची मान्यता, ही दोन्ही कामे ते अध्यक्ष असतानाच्या काळातली. आयुष्यभर ज्या विषयावर तावातावाने मत मांडले, त्यावर अध्यक्षाच्या खुर्चीतून मौन पाळावे लागते, हीही एक शिस्तच होय. मार्च १९३३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी ते पद सोडले. १ जून १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र झालेला त्यांना पाहता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर जकातीचा हाच वाद नव्या रूपात आला. चाळीस वर्षे उंच जकातीच्या भिंतीआड आपले उद्योग वाढले. काही खरोखर मोठे झाले, काही भिंतीला टेकून बसले. १९९१ साली काही मालावरची जकात शेकडा १५० हून अधिक होती. त्या वर्षापासून ती टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर एकूण शेकडा ५० जकात बसवली, तेव्हा कापडापासून कोळंबीपर्यंतचे निर्यातदार हवालदिल झाले. जो देश एके काळी जगाला खुल्या व्यापाराचे धडे देत होता, त्यानेही संरक्षणाचे हत्यार उपसले. सर इब्राहिम यांचा विषय जुना झालेला नाही, तो असा.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, मागासलेल्याला हात दिलाच पाहिजे आणि तो देताना अटींचा डोंगर उभा करू नये. गरीब घरातल्या, विणकराच्या, कोळ्याच्या, आदिवासी पाड्यातल्या मुलाला शिष्यवृत्ती, वसतिगृह, फीमाफी देताना आधी लायकी सिद्ध कर म्हणणे म्हणजे बहुमताच्या अटी त्याच्या डोक्यावर लादणे होय. सर इब्राहिम यांची भिन्नमतपत्रिका आठवावी ती येथे.

दुसरी गोष्ट, ज्याला हात दिला त्याने हा खर्च कोणीतरी सोसतो आहे याची जाणीव ठेवावी. फीमाफीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामातून येतो. जसा साखर कारखान्याला मिळालेला आधार चहात साखर टाकणाऱ्या प्रत्येक घराने दिला. म्हणून तिसरी कसोटी आपण स्वतःला लावावी. ती सरकारने किंवा संस्थेने आपल्यावर लादण्याची वाट पाहू नये. आज मला आधार मिळत आहे, उद्या मी त्याशिवाय उभा राहीन आणि परवा दुसऱ्याला आधार देईन, असा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडावा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला चार वर्ग शिकवून दुकानात किंवा बोटीवर लावण्याची घाई करू नये. धंद्याला संरक्षण मिळाले तरी तो चालवायला शिकलेली माणसे लागतात, हे सक्तीच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या सर इब्राहिम यांना पुरते ठाऊक होते. परदेशी माल बंदरावर अडवता येतो. अज्ञान अडवणारा नाका मात्र आपल्या घरात आणि आपल्या शाळेतच उभारावा लागतो.